रंगभवनातली जॅझ यात्रा आणि आपल्या किनाऱ्यावरचे वादक

स्मरणिकेचा आराखडा ठरला तेव्हा संपादक मंडळाने माझ्या नावापुढे ‘बचत व गुंतवणूक’ असा विषय लिहून ठेवला होता. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार! पण मुदत ठेवीच्या व्याजदरांवर लिहिण्याचा उत्साह आता मला राहिलेला नाही आणि ते वाचण्याचा तुम्हालाही नसावा. सोसायटीचा स्वतःचा इतिहास, म्हणजे बोअरवेलचं खारं पाणी, रखडलेलं कन्व्हेयन्स, २०२० च्या निसर्ग वादळात उडालेले गच्चीवरचे पत्रे, हे सगळं सचिवांनी लिहिलं आहेच. तेव्हा मंडळाची परवानगी घेऊन मी जॅझवर लिहितो आहे.

रौप्यमहोत्सवी वर्षात दर दोन महिन्यांनी गच्चीवर आपल्याच भागातल्या वादकांची बैठक करायची आणि त्यातली पहिली जॅझची करायची, असं ठरल्यापासून जिन्यात भेटेल तो विचारतो, ‘‘काका, जॅझचा आणि दिघीचा काय संबंध?’’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र जिन्यात उभ्या उभ्या देण्याइतकं लहान नाही. शिवाय पहिल्या बैठकीत सॅक्सोफोन वाजवणारे गृहस्थ आपल्याच बी विंगमधले आहेत, हेही पुष्कळांना माहीत नाही. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

आधी जॅझ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण त्याला हॉटेलातलं इंग्रजी संगीत एवढंच समजतात. हा अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेला प्रकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या गावात तो आकाराला आला. वाद्यं युरोपची, बरीचशी लष्करी बँडमधली. लय मात्र गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या वंशजांची. सगळे मिळून आधी एक ठरलेली धून वाजवतात. मग एकेक वादक पुढे येतो आणि त्या धुनेच्या चौकटीत जे सुचेल ते जागच्या जागी रचत जातो. बाकीचे त्याला ठेका आणि आधार देतात. फेरी संपली की पुन्हा सगळे धुनेवर येतात. आपल्याकडे गायक बंदिश मांडून आलाप-ताना करतो आणि समेवर येतो, त्याच्याशी ताडून पाहा. डबलबारीला रात्र रात्र बसणाऱ्या कोकणी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. समोरच्याने काय वाजवलं ते ऐकून त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, हीच त्यातली मजा.

आता दिघीशी संबंध. आपल्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर राजपुरीची खाडी, पलीकडे आगरदांडा, खाडीच्या तोंडाशी जंजिरा आणि त्यापुढे मोकळा समुद्र. या समुद्रातून मुंबई-गोवा बोटी जात असत. माझं आजोळ याच तालुक्यातलं, आणि रात्री लांबवर सरकणारे बोटीचे दिवे मी लहानपणी आजीच्या मांडीवर बसून पाहिले आहेत. पावसाळ्यात बोटी बंद, एरवी चालू. त्या बोटींच्या डेकवर आपले चाकरमानी असत तसे गोव्याचे तरुणही असत. कुणी खलाशी व्हायला निघालेला, कुणी आचारी, आणि कुणाच्या ट्रंकेशेजारी व्हायोलिनची नाहीतर ट्रम्पेटची पेटी. मुंबईचं जॅझ ज्यांनी वाजवलं त्यातले कितीतरी जण असे आपल्या दारावरून गेले.

गोव्याचेच लोक का, याला कारण आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळा असत. तिथे पोरांना चर्चमधल्या गायनासाठी स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. म्हणजे खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगासुद्धा कागदावर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत पाहिल्याबरोबर वाजवू शके. त्या काळात हे कौशल्य हिंदुस्थानात इतरत्र फारसं कुणाकडे नव्हतं. संस्थानिकांचे बँड, मूकपटांची थिएटरं, रेल्वेचे आणि साहेबांचे क्लब, सगळीकडे त्यांना मागणी होती.

त्यांना जॅझची गाठ पडली ती मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात. १९३५ साली लिओन ॲबी हा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन ताजमध्ये वाजवायला आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला. हा वेदरफर्ड मोठा पियानोवादक. शिकागोत तो लुई आर्मस्ट्राँगबरोबर एकाच ताफ्यात वाजवत असे. इकडे आला तो परत गेलाच नाही, १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने वारला. ज्यांना स्वतःच्या देशात गोऱ्यांबरोबर एका टेबलावर बसता येत नसे, अशी ही माणसं साहेबांच्या मुंबईत मानाने वाजवत होती. गोव्याचे वादक त्यांना ऐकून, त्यांच्याशेजारी बसून, तबकड्या घासून घासून जॅझ शिकले. स्वरलेखन त्यांना येतच होतं. कागदावरून नजर काढून मनातलं वाजवायचं कसं, हे या अमेरिकनांनी दाखवलं.

मग आपली माणसं पुढे आली. मिकी कोरिया यांचा बँड सुमारे दोन दशकं ताजमध्ये होता. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ हा ट्रम्पेटवाला ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रुडी कॉटन हे नाव ऐकून कुणी अमेरिकन वाटेल, तो निघाला मुंबईचा पारशी, कावस खटाव! फ्रँक फर्नांड हा आणखी एक ट्रम्पेटवाला. आपल्या रागसंगीताची आणि जॅझची सांगड घालावी, हा ध्यास त्याला त्या काळातच लागला होता. पुढे त्याने ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला, १९६३ साली.

पन्नास सालच्या दारूबंदीने मुंबईतली बरीच हॉटेलं थंडावली. साहेब गेले, संस्थानंही गेली. नाचगाण्यावर पोट असलेल्या वादकांना एकच दार उघडं होतं, ते सिनेमाचं.

इथे आपल्या मराठी माणसाचा संबंध येतो. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांना हे नवे आवाज फार भावले. चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर काम करू लागला. भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, निदान त्यातल्या गाण्यांवर वरातीत पाय तरी हलवले असतील. त्यातल्या एका गाण्यात झालरीचे शर्ट घातलेला जो बँड दिसतो तो खुद्द चिक चॉकलेटचा. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसोझा हेही गोव्याचे. फाळणीआधी ते लाहोरला हॉटेलात बँड चालवत. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. ती चाल तीस-चाळीस वादकांत कशी वाटायची, व्हायोलिनांनी कुठे उठायचं, ट्रम्पेटने कुठे गप्प बसायचं, हे सगळं कागदावर लिहून काढणारा अरेंजर वेगळाच असायचा. बहुतेक वेळा तो गोव्याचा. आपल्या कानात बसलेली जी गाणी आहेत, त्यांच्या सुरुवातीचे आणि मधले तुकडे बऱ्याचदा या माणसांच्या हातचे आहेत.

पण चित्रपटाच्या पाट्या पाहा. संगीतकार, गीतकार, गायक, कधी सहायक म्हणून एखादं नाव. वाजवणाऱ्यांचं नाव नाही. तबकडीच्या लेबलवर नाही, रेडिओवरच्या निवेदनात नाही.

याचा मला प्रत्यक्ष अनुभव आला तो बँकेच्या काउंटरवर. १९७३ साली मी नोकरीला लागलो. पहिली काही वर्षं दक्षिण मुंबईतल्या एका शाखेत होतो. धोबीतलावचा भाग जवळच. तिथे गोव्याच्या गावागावांचे क्लब होते, त्यांना कूड म्हणतात. एकेका खोलीत ट्रंकांच्या रांगा, भिंतीवर आल्तार आणि भाडं अगदी माफक. आपल्या गिरगाव-परळच्या गाववाल्यांच्या खोल्या असत तसंच. तिथले कितीतरी वादक आमचे खातेदार. रेकॉर्डिंगचे पैसे रोख मिळायचे, शिफ्टच्या हिशोबाने. एखाद्या महिन्यात वीस दिवस काम, तर पुढच्या महिन्यात दोनच. ते येऊन पैसे भरायचे आणि घरी पाठवायला ड्राफ्ट काढायचे. मडगाव, म्हापसा, फोंडा. ड्राफ्टवरचं नाव बहुधा आईचं असायचं.

त्यातले एक सॅक्सोफोनवादक एकदा कर्ज मागायला आले. नवं वाद्य घ्यायचं होतं. अर्जावर ‘नियोक्त्याचे नाव’ असा रकाना असतो. त्यांनी चार संगीतकारांची नावं सांगितली. चौघांचीही गाणी तेव्हा रोज विविध भारतीवर वाजत होती. पण पगाराची स्लिप नाही, नेमणुकीचं पत्र नाही, आयकराचं विवरण नाही. ‘‘गाण्यात मी आहे, साहेब. तुम्ही ऐकलंय मला,’’ असं ते म्हणाले, आणि त्यांनी काउंटरवर बोटांनी ताल धरून तोंडाने तो तुकडा वाजवूनही दाखवला. खरंच, मी तो शेकडो वेळा ऐकला होता. शाखेतल्या प्रत्येकाने ऐकला होता. वरून अर्ज परत आला. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं, कारण या माणसाने ते वाजवलं आहे असं दाखवणारा कागद जगात कुठेच नव्हता.

वादकांनी स्वतःची मैफल उभी करण्याचा एक मोठा प्रयत्न याआधी झाला होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, अरेंजर आणि प्यारेलालजींचे गुरू. त्यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठ्या वाद्यवृंदाची मैफल केली. रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना, त्यात गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. स्टुडिओत दुसऱ्याच्या चाली वाजवणारी माणसं त्या दिवशी श्रोत्यांकडे तोंड करून बसली होती. पण असा डोलारा पुन्हा पुन्हा उभा करणं एकट्या माणसाला झेपणारं नव्हतं. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचं पूर्ण नाव शिष्याने गाण्यात घालून घराघरांत पोचवलं, पण ते नाव एका खऱ्याखुऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना माहीत होतं?

जॅझचं म्हणाल तर परदेशी पाहुण्यांची तेव्हा रीघ होती. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सरकार आपले वादक जगभर पाठवत असे. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आला आणि मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसून वाजवून गेला. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आला, १९६४ मध्ये खुद्द लुई आर्मस्ट्राँग. गर्दी लोटली, फोटो छापून आले, विमान उडालं. इथले वादक रात्री पुन्हा आपापल्या हॉटेलात वाजवायला. चर्चगेटच्या रस्त्यावर तेव्हा ओळीने रेस्टॉरंटं होती, बहुतेक ठिकाणी बँड. ॲस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये ख्रिस पेरी वाजवत आणि लॉर्ना गात. त्यांच्यावर बेतलेल्या ‘नाचूंया कुंपासार’ या कोंकणी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. मिळाला तर जरूर पाहा. पण ऐकणाऱ्यांचं लक्ष तिथे अर्धं गाण्याकडे आणि अर्धं बशीकडे. पुढे डिस्को आला, तबकडी लावली की काम भागू लागलं आणि बँडची गरजही संपत चालली.

या पार्श्वभूमीवर निरंजन झवेरी या गृहस्थाचं काम मला फार मोलाचं वाटतं. हे स्वतः वादक म्हणून प्रसिद्ध नव्हते, तर ऐकणारे होते. १९५२ साली त्यांनी मित्रांच्या साथीने मुंबईतून ‘ब्लू ऱ्हिदम’ नावाचं जॅझचं मासिक काढलं. ते फार काळ चाललं नाही. अशी मासिकं कुठे चालतात? पण माणूस चिकट. पुढे त्यांनी ‘जॅझ इंडिया’ ही संस्था उभी केली आणि १९७८ साली मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली. नावातच गंमत आहे. ‘यात्रा’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पाळणे, खेळण्यांची दुकानं आणि रांगा येतात. तसाच हा सोहळा काही दिवस चालायचा, आणि पुढे दर दोन वर्षांनी भरत राहिला.

जागा होती रंगभवन. झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं शासनाचं उघडं नाट्यगृह, अँथनी गोन्साल्विस यांच्या त्या मैफलीपासून हाकेच्या अंतरावर. वर आकाश, भोवती झाडं, बाकांवर बसायचं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. जॅझमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शाखेतल्या एका पारशी सहकाऱ्याने तिकीट हातात कोंबलं म्हणून गेलो. त्या वर्षीचा मोठा पाहुणा होता सॉनी रॉलिन्स. सॅक्सोफोनवाल्यांचा राजाच म्हणा. त्याला मुंबई नवी नव्हती. दहा वर्षांपूर्वी, अगदी नावारूपाला आलेला असताना, सगळं सोडून तो पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला होता.

रॉलिन्स मोठा खराच. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. जॅझमध्ये एक रिवाज आहे. वादकाची एकट्याची फेरी संपली की श्रोते तिथेच, गत चालू असतानाच, टाळ्या वाजवतात; आणि गत संपली की चमूचा प्रमुख माइकवर येऊन एकेकाचं नाव घेतो. अमुक, ड्रमवर. तमुक, बासवर. नाव ऐकलं की तो माणूस उठून मान लववतो. एका संध्याकाळी भारतीय वादकांचा एक चमू वाजवत होता. शेवटी नावं घेतली गेली आणि त्यातलं एक नाव मी काउंटरच्या या बाजूने चार वर्षं पासबुकावर लिहीत आलो होतो. कर्जाचा अर्ज परत आलेले तेच गृहस्थ! अंगावर कोट, गळ्यात वाद्य. जुनंच असणार. मंडपभर लोक त्यांना टाळ्या देत होते. पुढच्या आठवड्यात ते ड्राफ्ट काढायला आले तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो. ते बुजले आणि ‘‘पेन आहे का?’’ म्हणाले.

झवेरींनी यात्रेत इथल्या वादकांना पाहुण्यांच्या आधीचा वेळ भरून काढणारे म्हणून ठेवलं नाही. नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस हे सॅक्सोफोनवर राग वाजवणारे पहिल्या फळीतले वादक. दार्जिलिंगचे लुई बँक्स पियानोवाले. बंगलोरच्या रमामणी कर्नाटक पद्धतीने गात. अशा मंडळींना एकत्र आणून एक चमू बांधला गेला आणि तो यात्रेचंच नाव घेऊन युरोपात वाजवूनही आला. लुई बँक्स पुढे मुंबईचेच झाले. १९८८ मध्ये दूरदर्शनवर लागलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चं संगीत आपल्या अशोक पत्कींचं आणि वाद्यमेळ लुई बँक्स यांचा, हे सांगितलं की घरातल्या नातवंडांनाही ओळख पटेल.

असली मैफल भरवायला काय लागतं, याचा विचार मी बँकवाला म्हणून नेहमी करतो. तिकिटांवर खर्च निघत नाही, कधीच नाही. परदेशी कलाकारासाठी त्याच्या देशाच्या वकिलातीकडे किंवा सांस्कृतिक केंद्राकडे जायचं, जाहिरातदारांच्या पायऱ्या झिजवायच्या, स्मरणिकेत पानं विकायची (आपल्या या अंकासाठी कोषाध्यक्षांनी काय काय केलं ते विचारा त्यांना), शासनाकडून नाट्यगृह, पोलिसांकडून परवाना. हे सगळं वादकाने करायचं म्हटलं तर तो वाजवणार कधी? मधला माणूस लागतो. हॉटेलमालक हा एक मधला माणूस होता, सिनेमाचा निर्माता दुसरा. दोघांना वादकाची गरज होती, त्याच्या नावाची नव्हती. झवेरींसारख्या माणसाला ते नाव लोकांपर्यंत न्यायचं होतं. एवढाच फरक, पण त्याने किती फरक पडला!

रंगभवनाचा शेवट मात्र जिवाला लागणारा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळ कामा आणि जी. टी. ही रुग्णालयं, न्यायालयही फार लांब नाही. तिथलं संगीत थांबलं. मी नियमाच्या विरोधात नाही. गणपतीत डीजेच्या भिंतींनी आपल्याही खिडक्यांची तावदानं हादरतात, आणि माझ्या पत्नीच्या आजारपणात दहानंतरच्या शांततेची किंमत मी जाणतो. कामा रुग्णालयातल्या बाळंतिणीला झोप मिळालीच पाहिजे. पण एक जागा बंद केली तर तशी दुसरी उघडायची कुणी, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर आला नाही. आय-रॉकसारखे पोरांचे महोत्सव तिथेच होत, तेही उठले. मध्यमवर्गीय माणूस खिशाला परवडेल अशा तिकिटात उघड्यावर बसून जगातला मोठा वादक आणि धोबीतलावचा वादक एकाच रात्री ऐकू शकेल, अशी जागा मुंबईत मी पुन्हा पाहिली नाही. एन.सी.पी.ए.मध्ये जॅझचे चांगले कार्यक्रम होतात, लुई बँक्स ३० एप्रिलच्या आंतरराष्ट्रीय जॅझ दिनाला मैफली भरवत आले, पण उघड्या बाकांची गोष्ट निराळी.

गोव्यात मात्र एक वेगळी वाट निघाली. पणजीला कांपाल भागात आर्मांडो गोन्साल्विस यांनी आपल्या वडिलोपार्जित घराच्या आवारात ‘हेरिटेज जॅझ’ नावाने मैफली सुरू केल्या. नाट्यगृह नाही, हॉटेल नाही, घराचं अंगण. मुंबईचे बासवादक कॉलिन डिक्रूझ गोव्यात जाऊन राहिले आणि ‘जॅझ गोवा’ या नावाने तिथल्या नव्या-जुन्या वादक-गायकांना मंच आणि ध्वनिमुद्रण मिळवून देऊ लागले. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ट्रंक घेऊन बोटीत बसलेल्यांची वाट अशी उलटी फिरली.

आता आपल्या बी विंगचे काका. ते सासष्टीतले. मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदांत आणि लग्नांच्या बँडमध्ये आयुष्य गेलं. सिंथेसायझर आल्यावर एकटाच माणूस वीस व्हायोलिनं वाजवू लागला आणि यांचं काम आटलं. जावयाला इकडे बंदरात नोकरी लागल्यावर ते मुलीबरोबर दिघीला आले. संध्याकाळी खिडकी लावून, भोंग्यात टॉवेल कोंबून वाजवतात, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. गेल्या वर्षी मी दार वाजवलं तेव्हा त्यांना वाटलं तक्रार घेऊन आलोय. त्यांच्याबरोबर कीबोर्डवर बोर्लीच्या बेंजो पार्टीतला एक मुलगा आहे आणि ड्रमवर श्रीवर्धनचा एक शिक्षक. तालीम दर रविवारी आमच्या घरी होते. बेंजोवाला मुलगा सुरुवातीला प्रत्येक गाणं वरातीच्या वेगाने न्यायचा. काकांनी त्याला महिनाभर फक्त थांबायला शिकवलं. दुसऱ्या बैठकीला आपल्या भागातला खालू बाजा ठेवला आहे, ढोल-सनईवाल्यांना खाली फाटकाशी उभं न करता गच्चीवर सतरंजीवर बसवून. तिसरी डबलबारी.

व्यवहाराचं सांगायचं तर तिकीट नाही. प्रत्येक फ्लॅटमागे वर्षाला ठरलेली वर्गणी आहे आणि मानधनाचं पाकीट बैठक सुरू होण्याआधी द्यायचं, असं कार्यकारिणीने लेखी नोंदवलं आहे. पाठच्या आळीतल्या दवाखान्यात विचारून घेतलं, त्यांची हरकत नाही. रात्री साडेनऊला शेवटची गत, दहाला गच्चीचं दार बंद.

हँडबिलाचा मसुदा सूचनाफलकावर लावला आहे. सर्वांत वर वादकांची पूर्ण नावं आणि वाद्यं, खाली बारीक अक्षरात आपल्या सोसायटीचं नाव. छापायला टाकण्यापूर्वी प्रत्येकाने आपलं नाव तपासून सही करायची आहे. दोघांच्या सह्या झाल्या. काका मात्र म्हणतात, ‘‘माझं नाव कशाला? नुसतं सॅक्सोफोन लिहा.’’ मी या लेखातही त्यांच्या म्हणण्याला मान दिला आहे. हँडबिलाचं काय ते रविवारच्या तालमीनंतर त्यांच्या मुलीच्या मदतीने बघू. खुर्च्या चाळीसच आहेत, तेव्हा येताना शक्य त्यांनी घरून चटई आणावी.